पिसवा चावल्यावर काय लावायचं आणि घरातून त्या घालवायच्या कशा (कापसाच्या ढिगासकट)

मागच्या हिवाळ्यात आमच्या पुढच्या खोलीत कापूस भरलेला होता, खिडकीच्या चौकटीपर्यंत. खान्देशात हे काही नवीन नाही, २०२२ च्या सुरुवातीला क्विंटलला दहा हजाराच्या वरचा भाव ज्याने डोळ्याने पाहिलाय त्याला नंतर कमी भावात माल द्यायला जीव होत नाही, मग आज वाढेल उद्या वाढेल करत कापूस घरातच राहतो आणि माणसं मागच्या खोलीत. पोरं त्या ढिगावर उड्या मारायची, आणि आमची मनी त्याच ढिगाच्या मागे भिंतीच्या कोपऱ्यात व्यायली. तीन पिल्लं. आम्ही कौतुकाने दूध ठेवलं.

पंधरा-वीस दिवसांनी पोरांच्या पायाला लाल लाल फोड. सासूबाई विचारतात, काय चावी ऱ्हायनं वं माय पोऱ्यासले? मी म्हटलं डास असतील. आमचे हे म्हणाले ढेकूण. शेजारच्या वहिनी म्हणाल्या कापसातल्या पिसवा गं, दरवर्षी होतात. मग एका रविवारी भरीत-पुरीला पाहुणे बोलावले, सगळे त्याच खोलीत चटईवर बसले, आणि जेवून उठताना जो तो पोटऱ्या खाजवतोय. इतकी लाज कधी वाटली नव्हती. त्यानंतर दीड महिना मी हाच उद्योग केला म्हणून सांगतेय, आणि आधी काय काय चुकीचं केलं तेही सांगते.

आधी चावतंय काय ते बघा, कारण औषध त्यावर ठरतं. पिसवा शक्यतो घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चावतात, दोन-तीन टिपके जवळजवळ किंवा एका ओळीत, मधे बारीक लाल ठिपका आणि भोवती लालसर गोल, दिवसाही चावतात. ढेकूण रात्री झोपेत चावतो आणि हात, मान, पाठ कुठेही, गादीच्या शिवणीत काळे डाग दिसतात. आणि कापसाबद्दल वहिनी म्हणतात ते अर्धंच खरं आहे. पिसू रक्तावर जगते, कापूस खात नाही, त्यामुळे नुसत्या कापसात पिसवा होत नाहीत, कापसात मांजर, उंदीर किंवा कुत्रं राहिलं तर होतात. कापसात दुसरे बारीक कोळी असतात, डोळ्याला दिसत नाहीत असे, ते चावले तर पुरळ पोट, पाठ, कमरेला, कपड्याखाली जास्त येतं. ते असेल तर मांजराला औषध लावून काही होणार नाही, कापूस घराबाहेर काढणे हाच उपाय.

खात्री करायची सोपी पद्धत सांगते. पांढरे मोजे गुडघ्यापर्यंत ओढायचे आणि संशय असलेल्या खोलीत दहा मिनिटं फिरायचं, काळे-तपकिरी दोन-तीन मिलिमीटरचे ठिपके मोज्यावर चढलेले दिसतात आणि बोट नेलं की टुणकन उडतात. पंख नसतात त्यांना, पण फूटभर लांब उडी जाते. दुसरी परीक्षा मांजरावर. उवांची बारीक फणी घ्यायची, शेपटीच्या मुळाशी आणि मानेवर फिरवायची आणि फणीतला काळा कचरा ओल्या पांढऱ्या कपड्यावर झटकायचा. मी मनीची फणी ओल्या धोतराच्या फडक्यावर झटकली, आधी काळी मिरपूड सांडल्यासारखं दिसलं, मिनिटभरात प्रत्येक कणाभोवती तांबूस लाल डाग पसरला. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे वाळलेलं रक्त. साधी धूळ असेल तर लाल होत नाही. त्या फडक्याकडे बघून सासूबाई गप्पच झाल्या.

आता चावल्यावर काय करायचं. पहिलं म्हणजे साबण-पाण्याने ती जागा धुवा आणि माठातल्या पाण्यात भिजवलेलं फडकं दहा मिनिटं ठेवा, खाज पटकन उतरते, फ्रीजचा बर्फ असेल तर कापडात गुंडाळून, थेट नको. मग कॅलामाइन लोशन, गुलाबी मिळतं ते, दिवसातून दोन-तीन वेळा, वाळू द्यायचं. कोरफडीचा गर लावला तरी गार वाटतं. खाज फारच असेल, रात्री झोप लागत नसेल तर सेट्रिझिन सारखी गोळी चालते पण त्याने झोप येते, ट्रॅक्टर-मोटारसायकल चालवणाऱ्याने दिवसा घेऊ नये आणि लहान पोरांना किती द्यायची ते डॉक्टरला विचारूनच. पोरांची नखं मात्र त्याच दिवशी कापा. पिसू चावल्याने जेवढं बिघडत नाही तेवढं घाणेरड्या नखाने खाजवून बिघडतं.

मेडिकलवर जाऊन "खाजेची ट्यूब द्या" असं म्हणू नका. माझ्या हातात एकदा अशी ट्यूब दिली ज्यात जोरदार स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक असं तिन्ही होतं. दोन दिवस खाज एकदम गायब, लोक खूश होतात, पण असल्या ट्यूबने कातडी पातळ पडते आणि गजकर्ण असेल तर लपून वाढतं. एक टक्का हायड्रोकॉर्टिसोन ही सौम्य क्रीम वेगळी गोष्ट आहे, ती डॉक्टरने सांगितली तर थोडे दिवस चालते. बाकी चुना, रॉकेल, टूथपेस्ट, लिंबू यातलं काही लावू नका. आमच्या आप्पांनी धाकट्याच्या पायाला चुना लावला तर फोडावर भाजल्यासारखं झालं, वर आप्पा म्हणतात आम्ही असंच करायचो. करायचात, पण जळतंय ना. केळीचं साल घासा म्हणून एका मावशींनी सांगितलं, आमच्याकडे रावेर-यावल पट्ट्यात केळीला तोटा नाही, घासलं, काही झालं नाही, बिघडलंही नाही.

साधारण आठवडाभरात डाग बसतात. लहान पोरांमधे एक गंमत होते, नवीन एक पिसू चावली की आधीचे बसलेले फोड परत उठतात आणि आई समजते की रात्रीत वीस चावल्या. घाबरू नका, पण फोडाभोवती गरम लागायला लागलं, लाली पसरत चालली, पू झाला, ताप आला तर डॉक्टरकडे न्या. चेहरा-ओठ सुजले किंवा श्वास लागला तर वाट न बघता थेट दवाखान्यात, हे क्वचितच होतं पण होतं.

आता खरा मुद्दा, घर. इथे बहुतेकांचं चुकतं आणि माझंही चुकलं. पिसू दिसली की आपण दिसणारी पिसू मारतो. पण एका घरात जितक्या पिसवा असतात त्यातल्या अंगावर उड्या मारणाऱ्या मोठ्या फक्त पाच टक्क्यांच्या आसपास समजायच्या, बाकी सगळी अंडी, अळ्या आणि कोष, जमिनीत. मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालते, अंडी गुळगुळीत असतात म्हणून मांजराच्या अंगावर टिकत नाहीत, ती जिथे झोपते तिथे मिठासारखी सांडतात. त्यातून अळ्या निघतात, उजेडाला घाबरतात, फरशीच्या फटीत, गोधडीच्या घडीत, कापसाच्या बुडाशी शिरतात आणि पिसवांची ती विष्ठाच खाऊन वाढतात. मग कोष करतात, त्याला धूळ चिकटते म्हणून दिसतही नाही. हा कोष फार चिवट असतो, त्यावर फवारा चालत नाही, आणि आतली पिसू बाहेर माणूस किंवा जनावर आल्याची चाहूल लागेपर्यंत महिनोन्महिने बसून राहू शकते. चाहूल म्हणजे पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वास.

हे कळलं तेव्हा मला सुरतवाल्या दिरांचं कोडं सुटलं. ते लोक श्रावणात कानबाईच्या सणाला, म्हणजे देवीला रोटाचा नैवेद्य असतो तेव्हा, गावी येतात, घर चार-चार महिने बंद. दार उघडलं, सगळी भाऊबंदकी चटया टाकून बसली, रोट व्हायच्या आधीच सगळ्यांचे पाय चावून लाल. घरात ना मांजर ना कुत्रं, मग पिसवा आल्या कुठून? कौलातून आत येऊन एखादं मांजर व्यायलेलं असतं आणि निघून गेलेलं असतं, कोष तिथेच. माणसं चालायला लागली की सगळ्या एकदम बाहेर. म्हणून बंद घर उघडणार असाल तर मुक्कामाच्या दोन-तीन दिवस आधी एकाने पायात लांब मोजे घालून जावं, झाडून, पुसून, फवारून यावं, पूजेच्या दिवशी पोराबाळांना घेऊन थेट बसू नये.

तर माझी पहिली चूक ऐका. मी मनीला पिल्लांसकट गोठ्यात नेऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी चावणं दुप्पट. साहजिक आहे, खोलीतल्या कोषातून निघणाऱ्या पिसवांना मांजर मिळेना मग त्या आमच्यावर आल्या, आणि गोठ्यात शेळ्या बांधलेल्या, तिथेही नवीन गाव वसलं, शेळ्यांना पिसवा खूप लवकर होतात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं ते लक्षात ठेवा: मांजर हाकलू नका, तिला औषध लावा आणि घरात फिरू द्या. औषध लावलेल्या मांजरावर जी पिसू उडी मारते ती मरते, म्हणजे मांजरच सापळा होतं. हे मला इतकं पटलं की तेव्हापासून मनीला घराबाहेर काढ म्हणणाऱ्याशी मी भांडते.

औषध म्हणजे मानेच्या मागे केस बाजूला करून कातडीवर टाकायचे थेंब, फिप्रोनिलचे वगैरे मिळतात, वजनाप्रमाणे, महिन्यातून एकदा, लावायच्या आधी-नंतर दोन दिवस अंघोळ नाही. मानेच्या मागेच का, तर तिथे तिची जीभ पोहोचत नाही. कुत्र्यासाठी तोंडाने द्यायच्या गोळ्याही आहेत, त्या जनावरांच्या डॉक्टरला विचारून. एक गोष्ट मात्र मोठ्या अक्षरात समजा, कुत्र्याचं औषध मांजराला लावायचं नाही. कुत्र्याच्या बऱ्याच पावडरी-थेंबांत परमेथ्रिन असतं, मांजराला त्याने झटके येतात आणि मांजर मरतं. घरात दोन्ही असतील तर कुत्र्याला लावल्यावर वाळेपर्यंत मांजर त्याच्या अंगाला घासू देऊ नका. आणि आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना यातलं काहीच नको. त्यांना मी रोज उवांच्या फणीने विंचरायची आणि फणी साबणाच्या पाण्यात बुडवायची, पिसू साबणाच्या पाण्यात तळाला जाते, साध्या पाण्यावर तरंगते आणि उडून जाते. पिल्लाच्या हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर उशीर करू नका, पिसवा एवढंसं पिल्लू रक्त पिऊन संपवतात. तीनपैकी एक पिल्लू आमचं गेलं, तेव्हा मला हे माहीत नव्हतं.

मांजराला औषध लावलं त्याच दिवशी घर धरायचं, आज एक आणि पुढच्या रविवारी दुसरं असं केलं तर काही उपयोग नाही. गोधड्या, चादरी, पोरांच्या सतरंज्या, मांजराचं पोतं, सगळं कढत पाण्यात भिजवून धुतलं आणि धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, वाळत घातलं. खाटा बाहेर काढल्या. मग झाडणं. व्हॅक्युम असेल तर छानच, आमच्याकडे नाही, केरसुणीने भिंतीच्या कडेकडेने, खाटेखाली, शहाबादी फरशीच्या सांध्यात जुना टूथब्रश घालून, रोज, तीन आठवडे. तो केर अंगणात टाकायचा नाही, साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकायचा नाहीतर चुलीत. झाडण्याचा दुहेरी फायदा आहे, अंडी-अळ्या निघतात आणि हादऱ्याने कोषातल्या पिसवा बाहेर येतात, बाहेर आल्या की औषधाने मरतात. मातीची जमीन असेल तर भेगा हेच त्यांचं घर, सारवताना भेगा आधी मातीने बुजवून घ्या मग शेणाचा हात फिरवा.

कापसाचं काय केलं? वर्षभर सांभाळला असता पण शेवटी गाडी बोलावून दिला. ढीग हलवला तेव्हा बुडाशी मनीच्या जागेवर वाटीएवढा खळगा होता, त्यात केस, काळी मिरपूड आणि पांढरे दाणे मिसळलेले, तांदळाच्या कण्यांसारखे. तेवढा कापूस वेगळा काढून शेतात जाळला. पैसे गेले म्हणून आमचे हे दोन दिवस बोलले नाहीत, पण भरीत-पुरीच्या दिवशी पोटरी खाजवणाऱ्यात तेही होतेच ना.

फवारणीचं जरा सविस्तर सांगते कारण आपल्याकडे इथेच जीव जातात. शेतकऱ्याच्या घरात कोपऱ्यात कपाशीवर मारायच्या औषधाची अर्धी बाटली असतेच आणि कोणीतरी म्हणतंच, पंपात टाक नि मार खोलीत. अजिबात नाही. ती औषधं उघड्या शेतासाठी आहेत, आणि उघड्या शेतातही काय होतं ते २०१७ मधे यवतमाळला कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन किती शेतकरी गेले त्यावरून कळलं. बंद खोलीत, पोरं झोपतात तिथे तर नावच काढू नका. तसंच गव्हात ठेवायच्या त्या सेल्फॉसच्या गोळ्या, त्यातून निघणारा वायू झोपेत माणूस मारतो, कापसाच्या ढिगात तर कधीच नाही. घरासाठी घरातलंच औषध, किराणा-मेडिकलवर झुरळ-पिसवांसाठी म्हणून लेबल असलेला स्प्रे, तो भिंतीच्या कडेला, खाटेखाली, फटीत मारायचा, भांडी-पीठ झाकून, पोरं आणि मांजर वाळेपर्यंत बाहेर. साधारण दोन आठवड्यांनी परत, कारण तोवर कोषातून नवीन निघालेल्या असतात. पेस्ट कंट्रोलवाला बोलावलात तर त्याला विचारा की अळी वाढूच न देणारं औषध, पायरीप्रॉक्सिफेन वगैरे, बरोबर मारणार का. नुसतं मोठ्या पिसवा मारणारं मारून पैसे घेऊन गेला तर तीन आठवड्यांनी परत तेच.

कडुनिंबाचा धूर आम्हीही केला, सासूबाईंच्या समाधानासाठी. पिसवा थोडा वेळ गप्प बसतात, कोषाला काही होत नाही, आणि दम्याच्या माणसाला त्रास होतो तो वेगळा. त्यापेक्षा आपल्याकडचं खरं औषध म्हणजे ऊन. पिसवांच्या अळ्यांना दमट हवा लागते, कोरड्यात आणि तापलेल्या जागेत वाळून जातात. म्हणून श्रावण-भादव्यात त्या माजतात आणि भुसावळला पारा पंचेचाळीसवर गेला की उघड्या अंगणात टिकत नाहीत. सावलीत, खाटेखाली, गोठ्याच्या ओल्या कोपऱ्यात टिकतात मात्र. जड गाद्या धुता येत नाहीत त्या काळ्या प्लास्टिकमधे गुंडाळून भर उन्हात टाका, मधे एकदा उलटा.

उंदरांचं विसरू नका. उंदराला विष घातलं आणि तो भिंतीत मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा थंड झालेलं अंग सोडतात आणि माणूस शोधतात. आमच्या आजेसासूबाई सांगायच्या, घरात उंदीर पडायला लागले की लोक घर सोडून शेतात झोपड्या बांधून राहायचे, प्लेगच्या वर्षांत. १८९६ ला मुंबईत प्लेग आला, १८९७ ला पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता गेल्या, आणि उंदरावरची पिसू हा रोग नेते हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मधे कराचीत दाखवलं. म्हणजे लोकांनी घरं सोडली ती बरोबरच सोडली, कारण नंतर कळलं. १९९४ ला सुरतमधे प्लेगची साथ आली तेव्हा आमच्याकडची कितीतरी माणसं तिथून रातोरात गावी परतली होती. आज मांजराच्या पिसवेने कोणी घाबरून जायचं कारण नाही, पण घरात एकामागे एक उंदीर मरायला लागले तर हात न लावता चिमट्याने उचला, प्राथमिक आरोग्य केंद्रात कळवा, आणि विष घालण्यापेक्षा पिंजरा बरा. अजून एक, लहान पोराच्या शी मधे काकडीच्या बी सारखे पांढरे तुकडे दिसले तर पिसू गिळल्याने होणारा चपटा जंत असू शकतो, डॉक्टरला सांगा, सोपी गोळी असते, मांजरालाही द्यावी लागते.

संपलं कधी समजायचं? रात्री खोलीत बाकी दिवे बंद करून जमिनीवर एक दिवा आणि त्याखाली परातीत पाणी, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब. पिसवा उजेड-ऊबेकडे उड्या मारतात आणि बुडतात. याने घर साफ होत नाही, नुसती मोजणी होते, पण मोजणीच महत्त्वाची. पहिल्या रात्री सतरा सापडल्या. दहाव्या दिवशी तेवीस, मी रडायचीच बाकी होते, पण ते कोष फुटत होते, हे होतंच, तिथे लोक हार मानून सोडतात. विसाव्या दिवशी सहा. पाचव्या आठवड्यात एक. बेचाळिसाव्या दिवशी परातीत फक्त दोन पाकोळ्या आणि एक डास होता.

यंदा कापूस आला की मागच्या पत्र्याच्या शेडमधे जाणार, दाराला जाळी मारून घेतलीय म्हणजे मनी शिरणार नाही. तिच्या थेंबांची तारीख दुधाच्या हिशोबाच्या कॅलेंडरवर लिहून ठेवते, दर महिन्याच्या पाच तारखेला, पावसाळाभर तरी चुकवायची नाही. परात अजून खाटेखालीच आहे.